त्रेचाळीस नग

तपासनीस बाईंनी त्रेचाळिसावी मूर्ती उलटी करून तिच्या तळावर नापासाचा लाल शिक्का मारला, ती इतरांच्या रांगेत उभी केली आणि ओठ रंगवणाऱ्या मावशीला बोलावणं धाडलं.

मूर्ती सगळ्या एकाच साच्यातल्या होत्या. वीतभर उंचीची मरियामाता, अंगावर निळी शाल, कुशीत बाळ येशू. कारखान्यातून अशा आठवड्याला दोन हजार बाहेर पडत आणि देवस्थानांच्या दारातल्या दुकानांपासून पेट्रोल पंपांपर्यंत कुठेही विकल्या जात. फळीवरच्या नमुन्यात तिचे ओठ मिटलेले होते आणि त्यांच्या कडा जराशा खाली वळलेल्या. दुःखी आई खपते, असं मालकांचं म्हणणं होतं. लोक तिला घरी नेतात ते तिच्यापाशी रडायला.

टेबलावरच्या त्रेचाळीस जणी हसत होत्या.

मावशी हात पुसत आली, बघतच राहिली. ओठांचं काम ती बारा वर्षं करत होती. एका ओठाला एक फटकारा, की पुढची मूर्ती. हे आपण केलंय हे तिचं तिलाच पटेना. ती हळू आवाजात म्हणाली, की सगळ्या पुन्हा रंगवून देते, सुट्टीनंतर थांबते. बाईंनी मान हलवली. शिक्का प्लॅस्टरमध्ये मुरतो, तो निघत नाही. बाई कुणावर ओरडत नसत, पण अकरा वर्षांत त्यांनी कुणाला सूटही दिली नव्हती. बायका त्यांना पाठीमागे भिंग म्हणत.

तेवढ्यात मालक आले, सोबत विक्री बघणारी मुलगी. मालकांनी एक मूर्ती उचलून उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मुलीने मात्र ती त्यांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली. असलं बाजारात कुणाकडेच नाही, ती म्हणाली. सोनेरी खोका करायचा, वर रिबन, नाव ‘आनंदी माता’, किंमत दुप्पट. मालकांच्या आठ्या बघता बघता मोडल्या. त्यांनी स्वतः स्टूल पुढे ओढलं आणि मावशीला म्हणाले, “बसा. अशीच एक आमच्यासमोर काढा. उद्यापासून रोज तीनशे.”

मावशी बसली. भोवती सगळ्या बायका गोळा झाल्या. पहिली मरिया दंतमंजनाच्या जाहिरातीतल्यासारखी झाली. दुसरी शिंक दाबून धरल्यासारखी. तिसरी बघून डोळे रंगवणारी म्हातारी फिसकन हसली आणि मग कुणालाच आवरेना, मावशीलाही नाही. मालक वैतागले. सकाळी ह्या मूर्ती करताना तुमच्या मनात नेमकं होतं काय, असं त्यांनी विचारलं.

मावशीने ब्रश खाली ठेवला. तीन आठवडे तिने ही गोष्ट कुणाजवळ काढली नव्हती.

“माझी नात दिवस भरायच्या आधी झाली, साहेब. काचेच्या पेटीत होती. आज पहिल्यांदा आईच्या अंगावर दूध प्यायली. सकाळी फोन आला. हात इथे चालू होते, मी नव्हते.”

म्हातारीने तिला मिठी मारली आणि एकच गलका उठला. वजन किती, नाक कुणावर गेलंय, लेक कशी आहे, सगळ्या एकदमच विचारत सुटल्या. या गर्दीत मालकांना आपल्याच कारखान्यात उभं राहायला जागा उरली नाही. बरं झालं, देवाची कृपा, असं तेही म्हणाले आणि ते मनापासूनच म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, की निदान ह्या त्रेचाळीस तरी खोक्यात भरा.

“नाही भरता येणार,” तपासनीस बाई म्हणाल्या.

त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. नापास माल बाजारात जाणार नाही, फोडला जाईल किंवा कामगारांना दिला जाईल. खाली मालकांचीच सही होती. एकदा टवके उडालेला माल गेला आणि भरलेला ट्रक परत आला, तेव्हा त्यांनीच ती पाटी लावून घेतली होती. त्यांनी पाटी दोनदा वाचली. विक्रीवाल्या मुलीने शिक्क्यावर कागद चिकटवायचं सुचवलं. बाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी मालकच हसले. “फोडणार कोण हिला?” म्हणाले आणि निघून गेले.

सुट्टी झाली तेव्हा बाहेर चांगलं ऊन होतं. बायका फाटकाकडे निघाल्या, प्रत्येकीच्या काखेत एक मरिया, ना खोका ना रिबन. मावशी सगळ्यांत पुढे होती. तिला थेट दवाखाना गाठायचा होता. तपासनीस बाई शेवटी आल्या. अकरा वर्षांत कारखान्यातून टाचणीही बाहेर न नेलेल्या बाईंनी आपली मूर्ती ओढणीच्या पदरात धरली होती.

पहारेकऱ्याने वही उघडली. बाहेर जाणाऱ्या नापास मालाचा दोष लिहावा लागे. त्याने बाईंच्या हातातली मूर्ती घेतली, फिरवून फिरवून पाहिली, नखाने टिचकी मारून पाहिली.

“बाई, हिच्यात दोष काय लिहू?”

“हसतेय,” बाई म्हणाल्या. “तेवढंच लिही.”