शेडमधली खोटी खोली

कीथ ट्रेवेनानं हीटरचं झाकण तिसऱ्यांदा उघडलं. आत चिंधी नाही, बोळा नाही. बर्नर साफ. मग गोम आहे तरी कुठे?

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटच्या त्या शेडमध्ये ब्रॉनी हॅरोपनं अख्खी खोली उभी केली होती. भिंती, खिडकी, हीटर, त्याचं धुरांडं, एक्झॉस्ट पंखासुद्धा. कंपनीच्या मेकॅनिकांना तिथं हातानं काम करायला लावून शिकवायचं, असा तिचा बेत. तो पक्का करण्याआधी तिला म्हणे कीथचं काम एकदा बघायचं होतं.

चौतीस वर्षं गॅस हीटर दुरुस्त केलेल्या माणसाचं काम बघायचं? निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना? अहो, सरळ आहे. चूक पकडायची आणि घरी बसवायचं. तिच्या हातातली वही बघून तर त्याचं डोकंच फिरलं.

"काय लपवलंयस ते सांगून टाक, पोरी. मी काही कालचा नाही."

"काहीच नाही लपवलं. गिऱ्हाइकाच्या घरी करता तसंच करा, बस्स. त्यावरून मला पहिला धडा लिहायचाय."

"हो, हो. लिही."

विषारी कार्बन मोनॉक्साइड मोजायच्या तिच्या मीटरवर त्याचा विश्वास नव्हता. त्यानं गाडीतून आपलं आणलं. नळीला साबणाचं पाणी लावलं. धुरांड्यात टॉर्च मारला. काही म्हणजे काही सापडेना, तसा तो जास्तच बिथरला. शेवटी त्यानं हीटर पेटवला, खिडकी लावली आणि पंखा फुल सोडला. पंख्यानं हवा ओढली की जळका वायू धुरांड्यातून वर जायचा सोडून खोलीत उलटतो का, एवढंच बघायचं. त्यानं धुराची कांडी हीटरपाशी धरली. धूर सरळ वर गेला. मीटरवर शून्य.

"घे! टाक वहीत!"

ब्रॉनी दाराकडे बघत होती. दार सताड उघडं होतं आणि त्याला कीथची हत्यारांची पिशवी टेकवलेली होती.

"पिशवी नेहमी अशीच ठेवता?"

"मग? गॅसवाल्यानं स्वतःमागे दार लावायचं नसतं. माझ्या उस्तादानं पहिल्याच दिवशी शिकवलंय."

तिनं पिशवी उचलली. दार लागलं आणि पंख्याला हवा ओढायला धुरांडंच उरलं. धूर थबकला, वाकला आणि थेट कीथच्या तोंडावर आला. मीटरवर बारा आलं. मग तीस. मग सत्तर.

"अगं, बंद कर!" तो ओरडला आणि त्यानं स्वतःच कॉक फिरवला, लाथेनं दार उघडलं.

दोघं बाहेर थंडीत येऊन उभी राहिली. ही चाचणी सक्तीची झाल्यापासून कीथनं बारा हिवाळे काढले होते. दर हिवाळ्यात शे-दोनशे घरं. प्रत्येक दाराला पिशवी. प्रत्येक कागदावर 'सुरक्षित' आणि खाली त्याची सही.

"कीथ," ब्रॉनी चाचरत म्हणाली, "हे वर कळवावं लागेल. तुमचं लायसन्स..."

"खड्ड्यात गेलं लायसन्स!"

त्यानं फोन काढला. पहिला नंबर त्याला पाठ होता.

"टेगन? बाबा बोलतोय. हीटर बंद कर, खिडक्या उघड आणि पोरांना घेऊन बाहेर ये. आत्ता. हो गं, मीच तपासलाय. म्हणूनच सांगतोय."