बोटभर ऊन

धाकट्या लेकीचं लग्न उरकलं त्या वर्षी दौलतनं अंथरूण धरलं, ते सुटलं नाही. दुखण्यानं कूस वळवता येईना. दुपारचं ऊन थेट डोळ्यांत येई, आणि पडदा ओढला की त्याचा जीव घाबरा होई. म्हणून धाकटा भाऊ श्रीपती नागपंचमीच्या दुपारी काचेला लावायची काळी फिल्म घेऊन आला.

दोघांचा धंदा हाच. दौलत फिल्म काचेवर चिकटवून तिथंच कापायचा, श्रीपती माप घेऊन दुकानातूनच कापून आणायचा. त्यावरून जन्मभर खटके उडाले. आजही त्यानं कापूनच आणली होती. पण खिडकी तिरकी निघाली. एका कडेला बोटभर काच उघडी राहिली, आणि तेवढं ऊन नेमकं दौलतच्या डोळ्यांवर पडलं.

“खिडकी कागदावर सरळ असते श्रीपा, भिंतीत नसते,” दौलत क्षीण हसला.

“पट्टी कापून जोडतो, आण्णा.” श्रीपतीनं पातं काढलं.

“भावजी, आज पंचमी,” वहिनी दारातून म्हणाली. “आज घरात काही कापायचं नाही. यांच्यावर बेतायला नको.”

श्रीपतीनं दौलतकडं पाहिलं.

“उद्या ये,” दौलत म्हणाला. “अख्खा रोल आण. काचेवर काप. मी बघतो.”

श्रीपतीनं पातं मिटलं. उघड्या कडेला पाठ लावून तो उभा राहिला, आणि ऊन उतरेपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी, खिडकीवर ऊन यायच्या आधीच, सकाळी नऊ वाजता दौलत गेला.