दोघींची बरणी

"अगं, डबे केव्हाच धुऊन ठेवले. पावडर ही इथे आहे," असं म्हणत आईने फळीवरची काचेची मोठी बरणी काढली आणि टेबलावर ठेवली.

मुलगी बरणीकडे बघतच राहिली. ती आणि तिच्या प्रयोगशाळेच्या मॅडम डबे परत न्यायला आल्या होत्या. एक डबा आईचा, एक शेजारच्या मावशींचा. दोघी गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या, आणि त्या गोळ्यांनी दोघींच्या पोटाची पार वाट लावलेली. गाय व्यायली की जे पहिलं दाट दूध येतं, त्या चिकातल्या घटकांनी असं जळकं पोट सावरतं का, हे मुलगी आपल्या संशोधनात बघत होती. काही डब्यांत चिकाची पावडर, काहींत साधी दुधाची. कुठल्या डब्यात काय आहे, हे घेणाऱ्याला कळता कामा नये आणि देणाऱ्यालाही. सगळी मेख त्यातच होती.

"पण बरणीत का काढलीत, काकू?" मॅडमनी विचारलं.

"दोन्ही एकत्र केल्या ना," आई म्हणाली. जणू उरलेल्या दोन भाज्या एकत्र केल्या होत्या!

"मी नको नको म्हणत होते हो," खुर्चीतल्या मावशी घाईघाईने म्हणाल्या. "पण ही ऐकेल तर शपथ!"

"काय ऐकायचं? एकीला खरं आणि एकीला नुसतं दूध, असंही होणार म्हणे. भिंतीला भिंत लागून राहायचं, रोज एकमेकींची तोंडं बघायची, आणि एकीने खुशाल बरं व्हायचं, दुसरीने पोट धरून बसायचं? हा कुठला न्याय? म्हटलं, मिसळून टाकू. काय गुण यायचा तो दोघींना निम्मा निम्मा येऊ दे."

मावशी हसल्या. "आणि आला बरं का! पावडरीने आला की हिच्या बडबडीने, देव जाणे. पण परवा मी चक्क पोटभर जेवले." त्यांनी हात लांबवून मुलीची हनुवटी धरली. "पोरी, तुझे उपकार गं बाई."

मुलीला मान वर करवेना. चिकाचा खरा डबा मावशींच्याच नावावर निघाला होता. डबे भरायच्या दिवशी कुणाला काय द्यायचं, त्याची यादी तिच्या नजरेला पडली होती. आईच्या नावावर साधं दूध! तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. तिने दोघींच्या नावांची लेबलं अलगद सोडवली आणि उलटी चिकटवली. इकडचं तिकडे, बस्स. एवढ्याशाने काय आभाळ कोसळतंय, असं स्वतःला समजावलंही होतं. मावशींच्या बोटांचा गारवा अजून तिच्या हनुवटीवर होता आणि तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "काकू, अहो, एकत्र केल्यावर आम्हाला कळणार कसं, कशाने काय झालं ते? तुम्हा दोघींना आता वगळावं लागेल." मग मुलीकडे वळून त्या हलकेच म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं काम चोख असतं, मला ठाऊक आहे."

आईने दोन्ही हात कानांना लावले. "चुकलं हो माझं. मिसळलं ते मी. हिचा त्यात काही दोष नाही."

 पांढऱ्या केसांच्या आपल्या आईला मुलीने परक्या बाईपुढे कान धरू दिले.

मॅडम निघाल्या. मावशी भिंतीचा आधार घेत त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या आणि तिथूनच त्यांना घोटभर चहाला आपल्या घरी घेऊन गेल्या. आईने बरणीचं झाकण घट्ट लावलं, टेबलावर सांडलेली भुकटी ओल्या फडक्याने पुसली. मग मुलीकडे न बघताच म्हणाली, "खरा डबा माझा होता ना?"

"तुला... तुला कुणी सांगितलं?"

"तूच. डबे द्यायला आलीस तेव्हा मला दहादा बजावलंस, आई, न चुकता घे हं, एक दिवससुद्धा चुकवू नकोस. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिला एकदा तरी म्हणालीस?"

मुलीने बरणी उगाच टेबलाच्या कडेला सरकवली. 

"तिला यातलं काही कळू दिलेलं नाही मी. न्यायाबियाच्या गप्पा मारल्या नि बरणीत ओतलं. पण तिच्या डोळ्याला डोळा भिडवताना रोज माझीच मान खाली जाते गं."

"मी तुझ्यासाठीच केलं, आई."

"ते का मला कळत नाही? म्हणून तर जास्त लागलं."

"आता सांगितलं तर माझं सगळं काम बाद होईल. नोकरीसुद्धा जाईल."

"जाईल," आई म्हणाली.

मावशींकडून निघालेल्या मॅडमच्या चपलांचा आवाज जिन्यावर खाली खाली चालला होता. आई फडकं खांद्यावर टाकून दाराशी गेली. मुलीला वाटलं, आता ही दार लावून घेणार. पण आईने दार लावलं नाही. उघड्या दाराच्या कडीवर हात ठेवून ती मुलीकडे बघत तशीच उभी राहिली.