शहाला उत्तर

अण्णांनी शह दिला आणि प्रोग्राम पुन्हा हँग झाला.

"झालं, आली का पंचाईत," म्हणत धाकटा आपल्या खोलीतून धावत आला. बुद्धिबळाचा प्रोग्राम त्याने लिहिलेला, तेव्हा निस्तरायचाही त्यानेच. वडिलांच्या पलंगाशी स्टूल ओढून तो बसला. अर्धांगवायूच्या झटक्यात अण्णांची वाचा गेली होती, उजवा हातही. डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावरची मोहरी तेवढी सरकवत.

"मोहऱ्यांची मारामारी चालू असेपर्यंत प्रोग्रामने पुढचं बघायचं, पट शांत झाला की थांबायचं," धाकटा सांगत होता. "पण राजाला शह असला की पट शांत कसा म्हणायचा? सगळ्या पळवाटा बघायला हव्यात. त्यात मी शहानंतरचे शहही बघायला लावले. झालं मारुतीचं शेपूट. बसतो बापडा मोजत."

अण्णा ऐकत राहिले. असं रोजच होई. बिघाड शोधण्यात दुपार सरे आणि धाकटा तिथेच चहा पिई.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, खेळ नीट आहे तोवर डोकं शाबूत आहे समजा. डोकं शाबूत असेल तर अण्णा घरीच राहतील, नाहीतर वृद्धांच्या संस्थेत, असं धाकटा आणि त्याच्या बायकोत ठरलं होतं.

शेवटी तोडगा निघाला. पहिला शह तेवढा बघायचा, पुढचे सोडून द्यायचे. प्रोग्राम सुतासारखा सरळ आला. धाकटा दार लावून कामाला बसला.

आणि अण्णांचा खेळच बिघडला. संध्याकाळी धाकटा डाव बघे, तर वजीर घालवून शह, हत्ती घालवून शह. शेवटी पटावर एकटा राजा. काही मिळणार नसेल तर शह देऊ नये, हे लहानपणी त्याला अण्णांनीच शिकवलं होतं.

"अण्णा, काय मिळतं यातून?"

अण्णांनी त्याची बाही घट्ट धरली. सोडवताना त्याला भडभडून आलं.

"लहान मुलासारखं झालंय रे त्यांचं," बायको हळूच म्हणाली. "तू तरी काय करणार?"

खरंच, त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

संस्थेतली खोली स्वच्छ होती, उजेडही भरपूर. नर्सने अण्णांच्या डाव्या हातात घंटीचं बटण दिलं.

"आजोबा, हे दाबलं की कुणीतरी धावत येतं बरं का. कळलं?"

"त्यांना आता काही कळत नाही हो," धाकटा कसाबसा म्हणाला.

अण्णांनी बटणाकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहत ते दाबलं, आणि वाकड्या झालेल्या ओठांनी, आवाज न करता, एकच शब्द जुळवला. शह.