कासोटा आणि कव्हर

शेवटचा नट सुटला आणि फटफटीच्या साखळीवरचं पत्र्याचं कव्हर हौशीरामच्या हातात आलं. त्यानं दारात उभ्या असलेल्या बायकोला, रतनला, हळूच डोळा मारला.

बेत साधा होता. फटफटीवर माणसं मावत दोन. पुढं हौशीराम आणि मागं दर रविवारी त्याची आई, सरुबाई. तिची बहीण कुसगावला असे आणि त्या बहिणीची प्रकृती नेमकी रविवारी बिघडे. रतनला लग्नापासून लोणावळ्याचा सिनेमा बघायचा होता. शेवटी त्या रविवारी सकाळी तिनं सांगून टाकलं, "पुढच्या रविवारी मी तुमच्या मागं तरी बसेन, नाहीतर माहेरच्या गाडीत तरी." म्हणून आईनं उघडी साखळी बघायची, भ्यायचं आणि घरी राहायचं. मग कव्हर परत चढवायचं.

तसं सासू-सुनेचं भांडण एकच. सरुबाईनं लग्नात हौसेनं घेतलेलं हिरवं नऊवारी लुगडं रतननं ट्रंकेत ठेवलं होतं आणि ती नेसायची पुण्याच्या रिवाजानं गोल पातळ.

"आई, आता मागं बसायचं काम न्हाई," हौशीराम चेहरा पाडून म्हणाला. "कव्हर मोडलंय. साखळीत लुगडं गावलं, की माणूस खाली."

सरुबाईनं साखळी बघितली. कव्हर बघितलं. सुनेकडंही बघितलं. मग कासोटा कचकून खोचला आणि बैलावर बसावं तशी दोन्हीकडं पाय टाकून बसली.

"आमचं काय गावतंय? समदं खोचलेलं हाय. हिनं मातुर बसू नगं. हिच्या निऱ्या लोंबत्यात. हाण कुसगावला!"

दुसऱ्या दिवशी पडवीतलं कव्हर नाहीसं झालं.

"कुत्र्यानं नेलं आसंल," सरुबाई म्हणाली.

"कुत्रं पत्रा खातं व्हय?"

"उपाशी कुत्रं काय बी खातं."

हौशीरामनं गोठा धुंडाळला, उकिरडा उपसला. वडगावचा मिस्त्री म्हणाला, नवं कव्हर मुंबईहून यायला महिना लागेल.

रविवार उजाडला. सरुबाई सकाळपासूनच ओट्यावर जाऊन बसली होती. आत ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ट्रंक धाडकन मिटली. हौशीराम मनाशी म्हणाला, गेली माहेरी!

दार उघडलं. रतन हिरवं लुगडं नेसून उभी होती. कासोटा जरा वाकडा होता, पण होता. कुणाकडंही न बघता ती तरातरा आली आणि फटफटीवर दोन्हीकडं पाय टाकून बसली.

सरुबाई उठली. आता जुंपणार, म्हणून हौशीरामनं डोळे मिटले. पण ती सुनेजवळ गेली, तिचा कासोटा ओढून सरळ केला आणि घरात शिरली.

"आई, मावशीकडं जायचं न्हाई?"

"तिला काय धाड भरलीय! त्या फटफटीनं माजीच कंबर मोडली," आतून आवाज आला.

सरुबाईनं भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि कव्हर बाहेर काढलं. फुंकर मारून त्यावरचा कोंडा उडवला आणि अंगणात येऊन ते लेकाच्या हातात दिलं.

"हे बसव आदी. नवं लुगडं हाय, वंगणाचा डाग निघायचा न्हाई."