डहाळी धरणारा हात

"नाना, जरा सरका. तुमी फोटोत येऊन राहिले."

रेवतीने मोबाइल पुन्हा समोर धरला. नाना, म्हणजे तिचे वडील सूर्यकांतराव, कागदी लिंबाच्या झाडामागे खाली वाकले, पण हातातली डहाळी त्यांनी सोडली नाही. सोडली असती तर वाऱ्याने हलली असती. सकाळीच कोशातून निघालेली राणी पाकोळी त्या डहाळीवर पंख वाळवत होती. काळ्या पंखांवर निळी झाक.

आखाडा बाळापुरात घरामागे जाळी उभारून फुलपाखरं वाढवणारा हा एकटाच निवृत्त कारकून. पाकोळीची अंडी त्यांनी कोकणातल्या मित्राकडून आणली होती, पानांसकट डब्यात घालून, एसटीने, डबा मांडीवर धरून.

"लोक शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावतात," झाडामागून आवाज आला. "आमी अळ्या लावल्या. फोटोत आलं का बराबर?"

"आलं. चला, चहा गार होऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ओट्यावर पेपर वाचत बसले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. रेवतीचा भाऊ अनिरुद्ध आधार कार्डावरचाच मोठा करून घेऊन आला. त्यात नाना कुणावर तरी चिडल्यासारखे दिसत होते. भांडी घासायला येणारी सोजराबाई फोटोपुढे थबकली.

"हे काई आपले साहेब न्हाईत," ती म्हणाली.

रेवतीने मोबाइल काढला. पाकोळी होती. पंख मिटलेली, पंख पसरलेली, अगदी जवळून. नाना कुठेच नव्हते. एका फोटोच्या कडेला डहाळी धरलेली दोन बोटं तेवढी होती.

ती उठून मागे जाळीत गेली. आत औषधाचा उग्र वास भरला होता. शेजारचा भिवाजी पाठीवरचा पंप उतरवत होता.

"लई अळ्या झाल्या होत्या, ताई. साहेब रोज सकाळी पान न् पान पाहून अळ्या येचायचे. आता कोन येचनार? त्यांच्या हातचं झाड, वाया जाऊ द्यावं का? म्हून म्याच फवारलं. एक न्हाई ठेवली."

नाना अळ्या वेचत नसत, मोजत असत. रेवतीने झाडाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"बरं केलं, काका."

भिवाजी पंप घेऊन गेला. पाकोळी झाडाच्या बुडाशी पडली होती. तिला मुंग्या लागल्या होत्या. वरची डहाळी वाऱ्याने हलत होती.

रेवतीने मोबाइल वर केला, त्या डहाळीवर धरला. हात थोडा मागे घेतला, झाडामागची जागाही दिसेल इतका.

"सरकू नका, नाना," ती मोठ्याने म्हणाली. "फोटोत या."