साठच्या पुढे न जाणारी गाडी

या, असे जवळ येऊन बसा. कीर्तन उभं राहायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगून होईल. धुळ्याची आहे, चौऱ्याण्णव सालची. तिच्यात देवाचं नाव कुणी घेत नाही, तरी ऐका.

निंबा मिस्त्रीनं डोळे मिटले होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. साक्री रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजात लाल, बसकी, दोन दारांची गाडी घरघरत उभी होती. पिंपळनेरच्या रतिलालनं ती मुंबईच्या कोणा हौशी माणसाकडून आणलेली. गावात सगळे तिला शर्यतीची गाडी म्हणत. महिन्याभरापासून तिला दोन रोग जडले होते. पायाशी कुठंतरी टक-टक वाजायचं, आणि साठच्या पुढे ती ओढच घेत नव्हती.

निंबा दर एकादशीला कीर्तनात मृदंगावर असायचा. चार सिलिंडर म्हणजे त्याला चार मात्रा. कोणती मात्रा लंगडते, ते तो गाडी न खोलता सांगायचा. धुळ्यापासून साक्रीपर्यंत त्याच्या कानाचं नाव होतं आणि पोटही त्या नावावरच होतं. वर्षापूर्वी समोर मोतीलालनं नवं गॅरेज टाकलं, मशीन-बिशीन आणून. "मृदंगवाल्याचे दिवस भरले," असं तो चहाच्या टपरीवर म्हणायचा, तेही निंबाला ऐकू जाईल अशा बेतानं.

"बोला ना आबा," रतिलाल म्हणाला. "इंजिन खोलायचं का?"

"इंजिनाला काय धाड भरलीय? ठेका सोन्यासारखा आहे. बंद कर, आणि जा, चहा पिऊन ये तू."

रतिलाल टपरीकडे गेला. मागच्या सीटवर त्याची आई भिकुबाई मघापासून मुकाट बसून होती. निंबा ड्रायव्हरच्या दारातून आत वाकला. एक्सलेटर हातानं दाबला. अर्ध्यावरच अडला. त्यानं खालचं मॅट उचललं. पेडलखाली बाभळीचं एक चपटं लाकूड होतं, लुगड्याच्या मऊ फडक्यात शिवलेलं, वर कुंकवाचं बोट ओढलेलं. टाके उसवले होते, म्हणून ते सरकत होतं आणि ब्रेकच्या दांडीवर वाजत होतं.

त्यानं मान वर केली. भिकुबाईनं हात जोडले होते.

"भाऊ, ते मीच ठेयेल शे. तेले सांगू नका. मना एकच आंडोर शे, दुसरा पोऱ्या नही. घाटमा शंभरनी गाडी पयाडस, कोनंच ऐकत नही."

"माय, हाई लाकूड ब्रेकखाले सरकनं तर ब्रेकच लागत नही."

भिकुबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजे मीच तेले..."

निंबानं फडक्याची कुंकू लागलेली चिंधी फाडून घेतली आणि लाकूड तिच्या पिशवीत टाकलं. काम संपलं होतं. गाडी आता शंभरला धावली असती, आणि रतिलालनं गावभर त्याच्या कानाची तारीफ केली असती. निंबानं मागं वळून भिकुबाईकडं पाहिलं. मग त्यानं डब्यातून दोन नट काढले आणि पेडलमागच्या बोल्टावर चढवले, पेडल अर्ध्यावरच टेकेल असे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं धडधाकट गाडीत स्वतःच्या हातानं खोट घातली. नट सैल होऊन वाजू नयेत म्हणून ती चिंधी त्यांच्यावर आवळून बांधली.

रतिलाल चहा पिऊन परतला आणि गाडीची एक चक्कर मारून आला. "आवाज गेला, आबा. पण ओढ? साठच्या वर काटा हलत नाही अजून."

"गाडी एवढीच धावते," निंबा पान्यांकडे बघत म्हणाला.

"एवढीच? आणली तेव्हा एकशेदहा गेलीय ही! मृदंग बडवून बडवून कान बसले आबा तुमचे. भजनं म्हणत बसा आता."

टपरीवर हशा पिकला. रतिलालनं गाडी वळवली, रस्ता ओलांडला आणि थेट मोतीलालच्या दारात नेऊन उभी केली.

निंबाच्या हातातला पाना हातातच राहिला. मोतीलाल त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कामात तरबेज. दोन नट सापडायला त्याला दोन मिनिटं पुरे होती. सापडले की साऱ्या रस्त्याला दाखवणार, मिस्त्रीनंच गाडी बिघडवली म्हणून. नाव तर जाणारच होतं, आणि भिकुबाईचं पोर उद्या पुन्हा घाटात शंभरनं सुटणार होतं.

मोतीलालनं मशीनला हातही लावला नाही. तो दारातून आत वाकला. पेडल दाबलं, बॅटरीचा उजेड खाली टाकला. बराच वेळ त्याची नुसती पाठ दिसत होती. मग त्यानं मान फिरवून मागच्या सीटवर पाहिलं. भिकुबाई पिशवी छातीशी धरून बसली होती, आणि नटांवरची चिंधी तिच्याच लुगड्यासारखी होती. तो बाहेर आला. रस्त्यापलीकडं निंबा उभा होता, त्याच्याकडं त्यानं एकवार पाहिलं. टपरीवरची माणसं हातात कप धरून वाट बघत होती. वर्षभर त्यानं हेच मागितलं होतं.

मोतीलालनं हात पुसले.

"निंबाभाऊंचे कान शाबूत आहेत," तो मोठ्यानं म्हणाला. "गाडी एवढीच धावते."

निंबा मिस्त्रीचं नाव धुळ्यात आजही चारचौघं घेतात, त्याला तुमच्या-माझ्या आठवणीची गरज नाही. गजरात टाळी वाजवाल, तेव्हा मोतीलालची तेवढी आठवण ठेवा.